सॅकच्या कमरपट्ट्यामुळे मांडी बधीर होते: कारण काय आणि उपाय काय?

कारवी (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी,

मोठी सॅक घेऊन मुक्कामी ट्रेक करायला लागल्यापासून मला एक त्रास सातत्याने जाणवतो आहे आणि त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. पाठीवर तंबू, स्टोव्ह, शिधा आणि पाणी असा पूर्ण भार असला की दोन-तीन तासांच्या चालीनंतर डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आधी मुंग्या येतात आणि मग तो भाग बधीर होतो. हात लावला तर मध्ये जाड कापड असावे तसा स्पर्श कळतो. हा बधीर भाग खुब्याच्या खाली वीतभर अंतरावर सुरू होतो आणि गुडघ्याच्या वर संपतो. पोटरीत किंवा पावलात काहीही जाणवत नाही, पाठ दुखत नाही आणि पाय लटपटतही नाही. सॅक उतरवून थोडा वेळ बसले की बरे वाटते, पण पुन्हा चालायला लागले की त्रास आधीपेक्षा लवकर सुरू होतो.

तोरणा ते राजगड या वाटेवर मात्र हे फारच वाढले. बुधला माची सोडून धारेवरून चालायला लागल्यावर मुंग्या सुरू झाल्या आणि संजीवनी माचीच्या खाली पोहोचेपर्यंत मांडीचा तो भाग पूर्ण बधीर झाला होता. रात्री पद्मावती मंदिरात मुक्कामाला टेकल्यावर बधिरपणाच्या जागी आग होऊ लागली, आणि घरी आल्यावरही काही दिवस पँटचे कापड त्या जागेवर घासले तरी नकोसे होत होते.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, सॅक साठ लिटरची आहे आणि भार खांद्यांऐवजी कमरेवर यावा म्हणून मी कमरपट्टा चांगला घट्ट आवळते. मधुमेह नाही. काम बैठे आहे. हा त्रास पट्ट्याचाच आहे की मणक्याचा, हे कसे ओळखायचे? पट्टा सैल ठेवून सगळा भार खांद्यांवर घेतला तर चालेल का? आणि जानेवारीत राजगड–तोरणा–रायगड असा लांबचा पल्ला करायचे ठरले आहे, तो या अवस्थेत करावा की नाही?

भौतिकोपचार (कर्वेनगर, पुणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासणी केल्याशिवाय निदान करता येत नाही हे आधीच सांगते, पण आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून संशयाची दिशा बऱ्यापैकी स्पष्ट होते.

मांडीच्या बाहेरच्या आणि थोड्या पुढच्या बाजूच्या त्वचेला संवेदना पुरवणारी एक स्वतंत्र नस असते. ती कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील मज्जामुळांपासून निघते, ओटीपोटाच्या आतून पुढे येते आणि जांघेतल्या अस्थिबंधाच्या (हाडांना बांधणाऱ्या चिवट तंतूंच्या) खालून मांडीत उतरते. ज्या ठिकाणी ती उतरते ते ठिकाण कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाला अगदी लागून असते. दोन्ही हात कमरेवर ठेवून हाडाच्या कडेवरून बोटे पुढे आणि खाली सरकवत नेली की जो टणक उंचवटा लागतो, तेच हे टोक. तेथे नस अस्थिबंधाखालच्या अरुंद जागेतून वळण घेऊन जाते, त्यामुळे बाहेरून तासन्‌तास दाब पडला की ती लवकर चेपली जाते. काही जणांमध्ये ती अस्थिबंधाच्या मधून किंवा थेट हाडाच्या कडेवरून जाते आणि अशा व्यक्तींना साध्या पट्ट्याचाही त्रास होऊ शकतो. म्हणूनच एकाच गटात, सारख्याच वजनाच्या सॅका घेऊन चालणाऱ्यांपैकी एखाद्यालाच हे होते आणि बाकीच्यांना त्याची कल्पनाही येत नाही.

या विकाराला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. जर्मनीत बेर्नहार्ट आणि रशियात रोट या दोन मज्जाविकारतज्ज्ञांनी 1895 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तो त्या दोघांच्या नावानेही ओळखला जातो. कमरेला जड पट्टा बांधून काम करणारे पोलीस व सैनिक, गरोदर स्त्रिया, पोटाचा घेर वाढलेल्या व्यक्ती, मधुमेही आणि घट्ट जीन्स घालणारे यांच्यात तो नेहमी आढळतो. लांब पल्ल्याच्या ट्रेकरांचा कमरपट्टा त्याच रांगेत बसतो.

आता मणक्याचा त्रास आणि हा त्रास यांतला फरक. ही नस फक्त संवेदनेची आहे, तिच्याकडे एकही स्नायू नाही. त्यामुळे ती कितीही दबली तरी पायातली ताकद कमी होत नाही आणि गुडघ्यावर हातोडी मारून तपासतात ती प्रतिक्षिप्त क्रियाही शाबूत राहते. बधिरपणा मांडीपुरताच असतो आणि गुडघ्याखाली उतरत नाही. उभे राहिल्याने व चालल्याने तो वाढतो, आणि बसल्यावर, म्हणजे खुबा दुमडल्यावर, नसेवरचा ताण कमी होऊन आराम पडतो. आपल्या वर्णनात हे सगळे आहे. याउलट पाठीतून निघून गुडघ्याखाली जाणारी कळ, खोकताना किंवा शिंकताना वाढणारी वेदना, उतरताना गुडघा अचानक दगा देणे, पायरी चढताना मांडीत जोर न येणे किंवा पाऊल वर न उचलले जाणे यांपैकी काहीही असेल तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले, तर ती तातडीची वेळ असते आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचले पाहिजे. ट्रेकमध्ये असाल तरी खाली उतरण्याची व्यवस्था तत्काळ करावी.

आणखी एक सूचना, कारण लोक हमखास करतात ते हेच: बधीर झालेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. त्या त्वचेला चटका कळत नाही आणि भाजल्यावरच लक्षात येते. घरी झोपताना गुडघ्यांखाली उशी घेतली तर रात्रीची आग बरीच कमी होते.

घाटवाट (सहकारनगर, पुणे)

वैद्यकीय बाजू वर उत्तम मांडली गेली आहे, त्यामुळे मी फक्त सॅकविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपल्या त्रासाचे मूळ पट्टा किती आवळला यापेक्षा तो कुठे बसला आहे यात आहे.

पाच फूट दोन इंच उंची आणि साठ लिटरची सॅक हे वाचल्यावर पहिला प्रश्न असा पडतो की त्या सॅकच्या पाठीची लांबी किती आहे. लिटरचा आकडा फक्त पोटाचा असतो, पाठीचे माप वेगळे असते, आणि आपल्याकडे बहुतेक जण सॅक घेताना ते पाहतच नाहीत. हे माप घरी घेता येते. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो सर्वांत ठळक मणका हाताला लागतो, तेथे टेपचे टोक धरायला कुणाला तरी सांगावे. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे, अशा पद्धतीने हाडाच्या वरच्या कडेवर ठेवावेत आणि दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत टेप आणावी. ही आपल्या धडाची लांबी. सॅकची पाठ यापेक्षा लांब असेल तर खांद्याचे पट्टे नीट बसवल्यावर कमरपट्टा आपोआप खाली जातो, म्हणजे हाडाच्या वरच्या कडेवर न बसता नेमका त्या पुढच्या टोकांवर आणि जांघेच्या घडीवर येतो. तसा बसलेला पट्टा जितका आवळाल तितका तो नसेवरच दाब देणार.

पट्टा योग्य जागी बसला आहे हे पाहण्याची रीत अशी. सॅक पूर्ण भरून, सगळे पट्टे सैल करून पाठीवर घ्यावी. खांदे किंचित उचलून सॅक वर सरकवावी आणि कमरपट्ट्याची गादी अशी धरावी की हाडाची वरची कड गादीच्या साधारण मधोमध येईल. तेव्हाच बकल लावून पट्टा ओढावा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि सर्वांत शेवटी छातीचा पट्टा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खांदे आधी आवळले, तर कमरपट्टा कधीच नीट बसत नाही. बकल बेंबीच्या आसपास यावे. ते ओटीपोटावर आले असेल तर पट्टा खाली आहे. गादीची टोके हाडाच्या पुढच्या टोकांच्या पलीकडे गेलेली असावीत, कारण गादी अलीकडेच संपली तर तिची शिवलेली कड किंवा नुसती नायलॉनची पट्टी त्या टोकावर रुतते. दोन्ही गाद्यांची टोके बकलपाशी एकमेकांना टेकत असतील तर पट्टा आपल्याला मोठा आहे, तो पुरेसा आवळलाच जाणार नाही आणि घसरत राहील.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून यातले काहीही कळत नाही. निदान दहा किलो वजन भरून दुकानात फिरून पाहावे, आणि दुकानदार त्याला तयार नसेल तर दुसरे दुकान पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॅक काढल्यावर कमरेची त्वचा आरशात पाहावी, ही तपासणी मला सर्वांत विश्वासाची वाटते. गादी नीट बसली असेल तर हाडाच्या कडेच्या वर-खाली फिकट, रुंद लाली दिसते. पुढच्या टोकाशी बोटभर रुंदीची, गडद, काठ उमटलेली रेघ दिसली, तर पट्ट्याची खालची गोट तिथे रुतली आहे. जुन्या सॅकांमध्ये गादीतला फोम दबून पातळ होतो, पण कडेची गोट तशीच कडक राहते आणि सगळा भार त्या गोटेवर येतो. गादी दोन बोटांत धरून दाबून पाहा. बोटे एकमेकांना जाणवली तर फोम संपला आहे असे समजा. पेठांमध्ये बॅगा शिवणारे कारागीर गादी उसवून नवा फोम भरून देतात, त्यासाठी नवी सॅक घेण्याची गरज नसते.

भाराविषयीही बोलले पाहिजे. पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे असा सर्वसाधारण दंडक आहे. पंचावन्न किलोच्या व्यक्तीला तो अकरा किलो पडतो. सह्याद्रीत हिवाळा सरला की वाटेवरच्या टाक्यांचा भरवसा राहत नाही आणि प्रत्येकाच्या पाठीवर चार-पाच लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी चढते. त्यात तंबू आणि स्टोव्हही एकाच व्यक्तीकडे असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. गटात सामान वाटताना उंची आणि वजन पाहून वाटले पाहिजे. सर्वांना समान वाटा देणे हे वरवर न्यायाचे दिसते, पण लहान चणीच्या माणसावर त्यात अन्यायच होतो.

धनकवडीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या वडीलधाऱ्या पिढीने कॅनव्हासच्या साध्या पिशव्या पाठीवर टाकून सारा सह्याद्री पालथा घातला, त्या पिशव्यांना कमरपट्टा नावाचा प्रकारच नव्हता आणि त्यांची मांडी बधीर झाल्याचे कधी ऐकले नाही. पट्टा त्रास देत असेल तर तो सोडून द्यावा आणि खांद्यांना सवय लावावी, इतका साधा उपाय असताना मोजमापांच्या मागे का लागावे?

भौतिकोपचार

धनकवडीकर, आपला मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, कारण पट्टा सोडला की मांडीच्या नसेवरचा दाब जातो हे खरेच आहे. एक-दोन दिवसांच्या ट्रेकला पाच-सहा किलोची पिशवी असेल तर कमरपट्टा न लावताही चालते. परंतु बारा-पंधरा किलोचे ओझे नुसत्या खांद्यांवर दिवसभर वाहिले तर तिथल्या नसा दबतात. मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे गळपट्टीच्या हाडामागून जाते आणि खांद्याचा पट्टा नेमका त्याच्या वर येतो. त्यातून हाताला मुंग्या येणे, खांदा वर न उचलला जाणे, पाठीवरचे फऱ्याचे हाड बाहेर येणे असे प्रकार होतात. सैन्यात जड पाठपिशव्या वाहणाऱ्या जवानांमध्ये हे चांगलेच परिचित आहे आणि तिथे चौकट व कमरपट्टा असलेल्या पिशव्यांनी त्याचे प्रमाण कमी होते असे दिसून आले आहे. मांडीची नस फक्त स्पर्शाची आहे, तर खांद्याच्या जाळ्यातून हाताच्या स्नायूंची ताकद जाते. तेव्हा मांडीचा बधिरपणा टाळण्यासाठी खांद्याचा धोका पत्करणे हा तोट्याचा सौदा ठरेल. जुन्या पिढीची पिशवी हलकी असे आणि मुक्काम गावात किंवा गडावरच्या देवळात असे, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागेल.

कारवी यांनी करावे ते असे, की भार दोन्हीकडे आलटून-पालटून द्यावा. सपाटीवर व सोप्या चढावर काही वेळ कमरपट्टा दोन बोटे आत जातील इतका सैल करून खांद्यांवर भार घ्यावा आणि मग पुन्हा कमरेवर आणावा. नसेला इजा होते ती न थांबता राहिलेल्या दाबाने, त्यामुळे तासाभरात काही मिनिटे जरी दाब सुटला तरी फरक पडतो. विश्रांतीला थांबल्यावर सॅक पाठीवरच ठेवून दगडाला टेकू नये, ती पूर्ण उतरवावी आणि खाली बसावे.

चाफा (धायरी)

सॅकविषयी सर्वांनी लिहिले, पण सॅकच्या आत काय आहे याइतकेच पट्ट्याच्या आत काय आहे याला महत्त्व आहे आणि विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत ते पाहिले जात नाही, म्हणून लिहिते.

ट्रॅक पँटला नाडी असते आणि आपण ती घसरू नये म्हणून दुहेरी गाठ मारतो. ही गाठ सहसा मध्यभागी असते, पण चालताना पँट फिरते आणि गाठ बाजूला सरकून कमरपट्ट्याच्या गादीखाली येते. कार्गो पँटच्या खिशाची जाड शिवण, पट्ट्याचे धातूचे बकल, पुढच्या खिशातला मोबाइल किंवा किल्ल्यांचा जुडगा, पैशांची कमरेची पिशवी, यांतले काहीही हाडाच्या टोकावर आले की वरून कितीही मऊ गादी असली तरी खाली टणक वस्तूच रुतणार. मला हाच त्रास उजव्या बाजूला होत असे आणि मोबाइल नेहमी उजव्या खिशात असे. मोबाइल सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावरच्या पिशवीत ठेवायला लागल्यापासून आणि रुंद, सपाट इलास्टिकची पँट घ्यायला लागल्यापासून त्रास थांबला. कारवी, आपल्यालाही त्रास एकाच बाजूला होतो, तेव्हा डाव्या बाजूला नेमके काय असते हे आवर्जून तपासावे.

दुसरे असे की पाळीच्या दिवसांत पोट फुगलेले असते आणि तोच पट्टा त्याच खुणेपर्यंत ओढला तरी जास्त आवळला जातो. बाळंतपणानंतर पुन्हा ट्रेक सुरू करणाऱ्या मैत्रिणींनीही हे लक्षात ठेवावे, कारण गरोदरपणात ही नस आधीच ताणली गेलेली असू शकते. रोज साडी नेसणाऱ्यांना परकराच्या आवळलेल्या नाडीचा दाब याच भागात कित्येक वर्षे सोसावा लागलेला असतो, आणि त्यांना पहिल्याच मोठ्या सॅकला त्रास झाला तर त्यात आश्चर्य वाटू नये.

बधिरपणा दोन्ही पायांत आणि बोटांच्या टोकांपासून सुरू होत असेल तर मात्र सॅकला दोष देऊ नये. मधुमेह आणि जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता यांत तसे होते, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी असणे मुळीच दुर्मीळ नाही. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

कारवी

आपण सर्वांनी इतक्या मनापासून आणि सविस्तर लिहिलेत त्याबद्दल आभार. सांगितल्याप्रमाणे पाहणी केली, तिचे निष्कर्ष नोंदवते.

धडाची लांबी बेचाळीस सेंटिमीटर भरली. सॅकची पाठ कमी-जास्त करता येते हे मला माहीत होते, पण ती आतल्या बाजूला सर्वांत लांब खाचेवर लावलेली होती. ती सर्वांत आखूड खाचेवर आणली, तेव्हा कमरपट्टा सुमारे चार बोटे वर आला आणि बकल पहिल्यांदाच बेंबीपाशी बसले. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वेताळ टेकडीवर फेऱ्या मारल्या. घरी येऊन आरशात पाहिले तर उजवीकडे फिकट लाली होती आणि डावीकडे हाडाच्या टोकाशी घाटवाट यांनी वर्णन केली तशी काठ उमटलेली रेघ होती, पण आधीपेक्षा पुसट. गादी दाबून पाहिली. डाव्या गादीचा फोम पुढच्या टोकाशी उजवीपेक्षा स्पष्टपणे पातळ झाला आहे. सॅक उचलताना मी नेहमी डाव्या बाजूने अंगावर घेते आणि खाली टेकवतानाही ती त्याच गादीवर टेकते, हे त्यामागचे कारण असावे. नाडीची गाठही डावीकडेच सरकलेली आढळली.

टेकडीवर मुंग्या आल्या, पण पुष्कळ उशिरा, आणि बधिरपणा आला नाही. पाठ आखूड केल्यावर एक नवी अडचण मात्र जाणवली: उभ्या चढावर मांडी वर उचलली की पट्ट्याची खालची कड मांडीला लागते. हे अपेक्षित आहे की पट्टा अजूनही खाली आहे? आणि जानेवारीच्या बेताचे काय करावे?

घाटवाट

चढावर मांडी पट्ट्याला लागते याचा अर्थ चालता चालता पट्टा घसरतो आहे. सुरुवातीला तो योग्य जागी असला तरी घामाने, पँटच्या गुळगुळीत कापडाने आणि सॅकच्या हेलकाव्याने तो थोडा थोडा उतरतो. बहुतेक जण अशा वेळी आहे त्याच जागी पट्टा आणखी आवळतात आणि तेथेच दाब वाढतो. घसरल्यासारखे वाटले की थांबून बकल सोडावे, सॅक वर सरकवावी आणि पट्टा नव्याने बांधावा. याला अर्धे मिनिटही लागत नाही. लांबच्या ट्रेकमध्ये पोट आत जाते, तेव्हा सकाळची खूण संध्याकाळी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सामानाची रचनाही बदलून पाहा. तंबू, पाणी आणि शिधा पाठीला अगदी चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीच्या आसपास ठेवावा. झोपण्याची पिशवी तळाशी आणि हलके कपडे बाहेरच्या बाजूला. जड वस्तू तळाशी किंवा पाठीपासून दूर गेल्या की सॅक मागे ओढते, तोल सावरण्यासाठी आपण कमरेत वाकतो आणि पट्ट्याची पुढची कड पोटात व जांघेत शिरते. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या बाटल्या सारख्या रिकाम्या कराव्यात. एका बाजूला भरलेली दोन लिटरची बाटली आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा सॅकचा भार एकाच खुब्यावर येतो.

डाव्या गादीतला फोम मात्र बदलून घ्याच. नव्या फोमची जाडी दोन्ही बाजूंना सारखी असू द्या आणि कारागिराला खालची गोट मऊ कापडाची लावायला सांगा.

भौतिकोपचार

टेकडीवरचा अनुभव आशादायक आहे. नस दबण्याचे कारण दूर केले की बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप उतरतो. जितके दिवस ती दबत राहिली तितका बरे होण्याचा काळ लांबतो, म्हणून अंगावर काढत एकामागून एक ट्रेक करणे योग्य नाही. खुबा मागे ताणण्याचे व्यायाम आग होत असताना जोर लावून करू नयेत, कारण त्याने नसही ताणली जाते. आग पूर्ण थांबल्यावर ते हळूहळू सुरू करता येतात. पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आतापासून सुरू करण्यास हरकत नाही. काम बैठे असल्याने दर तासाला उठून दोन-चार मिनिटे चालावे आणि घरी-कार्यालयात कमरेला सैल कपडे वापरावेत.

जानेवारीच्या ट्रेकविषयी माझे मत असे आहे. आधी अतकरवाडीच्या वाटेने सिंहगड पूर्ण भारासह चढून-उतरून पाहावा. पाण्याच्या बाटल्या भरूनच वजन करावे, म्हणजे वाटेत त्रास झाला तर पाणी ओतून देऊन ओझे कमी करता येईल. बधिरपणा न येता हे जमले आणि दुसऱ्या दिवशी मांडीची संवेदना दोन्ही बाजूंना सारखी वाटली, तर बेत कायम ठेवावा. कापसाचा बोळा दोन्ही मांड्यांवरून आळीपाळीने फिरवून हे घरी तपासता येते. राजगड–तोरणा–रायगड मार्गात मोहरी गावापर्यंत ट्रेक मध्येच सोडता येतो, म्हणजे वाटेतल्या गावांतून परत फिरता येते. पण एकदा सिंगापूरची नाळ (डोंगरातली उभी घळ) उतरायला लागल्यावर मध्येच थांबण्याला अर्थ नसतो, आणि मांडी बधीर असताना तशा उतारावर कारवीच्या झुडपांच्या जाळीत किंवा दगडावर घासून झालेली जखम कळतही नाही. त्यामुळे निर्णय मोहरीच्या मुक्कामावर घ्यावा आणि गटप्रमुखाला याची कल्पना निघण्याआधीच द्यावी.

सिंहगडावर पुन्हा बधिरपणा आला, किंवा सॅक न घेताही आग सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवावे. ते कुशीवर झोपवून कमरेच्या हाडावर काही सेकंद दाब देऊन पाहतात. त्याने अस्थिबंध सैल पडतो आणि आग कमी झाली तर निदानाला पुष्टी मिळते. गरज वाटल्यास नसेची विद्युत तपासणीही करतात. नसेच्या वेदनेची औषधे वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात. फार हट्टी त्रासात त्या जागी इंजेक्शनही देतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. डॉक्टरांकडे जाताना सॅक सोबत न्या, आणि ती भरलेली न्या. पट्टा कुठे बसतो हे त्यांना प्रत्यक्ष दाखवता आले तर तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

कारवी

फोम बदलायला गादी दिली आहे. ती शनिवारी मिळेल आणि रविवारी पहाटे अतकरवाडीतून सिंहगड करीन. वजन अकरा किलोच्या आत ठेवते आहे, तंबू गटातल्या दुसऱ्या सदस्याकडे दिला आहे. गटप्रमुखांशी बोलणे झाले असून मोहरीतून परतण्यासाठी जीपची सोय ठेवायचे त्यांनी मान्य केले आहे.